भीमाशंकरचे वनौषधिज्ञान : एक अलिखित ठेवा

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून भीमा नदीचे उगमस्थान आहे. मंदिराभोवतालचे सुमारे १३० चौरस किलोमीटर वनक्षेत्र १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून येथील महादेव कोळी समाजाने देवराया राखल्या. देवाच्या नावाने सोडलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, या श्रद्धेमुळे अनेक औषधी वृक्षवेलींना अभय मिळाले.

या परिसरातील हिरड्याचे उदाहरण बोलके आहे. आठीही न धरलेले कोवळे फळ उन्हाळ्यात गोळा करून वाळवले की तो बाळहिरडा होतो. त्याहून मोठे, पण अपक्व फळ कातडी कमावण्यास उपयोगी पडते. पूर्ण पिकलेल्या फळास सुरवारी हिरडा म्हणतात. वृक्ष एकच, परंतु कोणते फळ केव्हा घ्यावे हे जाणणे, हीच खरी विद्या होय. महाराष्ट्रातील घरोघरी सहाणेवर उगाळल्या जाणाऱ्या बाळगुटीतील हिरडा व मुरुडशेंग ही सह्याद्रीच्या रानाचीच देणगी आहे.

मात्र ही विद्या बहुतांशी मुखोद्गतच राहिली. 'औषधाचे नाव सांगितले की गुण जातो' या समजुतीमुळे जाणत्या व्यक्तीबरोबर तिचे ज्ञानही लोप पावते. नोंद नसल्याने होणारी हानी एवढ्यावरच थांबत नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपचारावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हळदीचा उल्लेख ग्रंथांत होता, म्हणून तिचा बचाव झाला. जे कोठेच लिहिलेले नाही, त्याच्या बाजूने कोणता पुरावा देणार?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. गावातील जाणत्यांच्या संमतीने आणि त्यांचे श्रेय राखून अशी नोंद होणे, ही काळाची गरज आहे.

भाविकांनीही रानातील मुळ्या, साली वा रोपे काढून नेऊ नयेत. रानातील औषध जाणत्याच्या व वैद्यांच्या सल्ल्याविना घेऊ नये. देवाचे रान जसेच्या तसे राखणे, हीदेखील भीमाशंकराची सेवाच आहे.