हिवाळ्यात काशी पायी : दिशा, नदी आणि इतिहासाचा एक पाठ



यंदा हिवाळ्यात काशीला जायचं ठरवत असाल आणि मुलं बरोबर असतील, तर एक सकाळ फक्त चालण्यासाठी ठेवा. दर्शनाच्या रांगेत मूल कंटाळतं. रिक्षातून त्याला शहर दिसत नाही. घाटावर चालताना मात्र परिसर अभ्यासाचं अख्खं पुस्तक समोर उघडतं.

हिवाळाच का? पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या पाण्याखाली जातात आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाता येत नाही. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं. दक्षिणेकडच्या अस्सी घाटापासून दशाश्वमेधपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर मुलं सहज चालतात. धुकं दाट असेल तर ऊन पडल्यावरच निघा. स्वेटर, कानटोपी हवीच.

पहिला पाठ दिशांचा. घाट पश्चिम काठावर आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेकडे. गंगा इथे त्याच बाजूला, म्हणजे उत्तरेला वाहते. आपली नीरा मात्र पूर्वेकडे जाते आणि इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. "सगळ्या नद्या एकाच दिशेला का वाहत नाहीत?" हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या. जमिनीचा उतार हे उत्तर मग पाठ करावं लागत नाही.

दुसरा पाठ इतिहासाचा. दशाश्वमेधच्या अलीकडे अहिल्याबाई घाट लागतो. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारलं. पुढे शिंद्यांचा घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचाही आहे. पैठणच्या एकनाथांनी भागवतावरची टीका 1573 मध्ये काशीतच पूर्ण केली. ही माणसं रेल्वे नसताना इतक्या लांब कशी आली असतील? मुलांना अंदाज करू द्या, लगेच उत्तर देऊ नका.

तिसरा पाठ अवघड आहे. शिंदे घाटाच्या अलीकडे मणिकर्णिका येतो. तिथे चिता जळत असतात. मुलांना न्यायचं की नाही, हे पालकांनीच ठरवावं. न्यायचं असेल तर आधी सांगा, की इथे लोक आपल्या माणसाला निरोप द्यायला आलेत. फोटो काढायचा नाही, बोट दाखवायचं नाही, हळू बोलायचं. मुलाने प्रश्न विचारला तर "गप्प बस" म्हणू नका. माहीत आहे तेवढं साध्या शब्दांत सांगा. न्यायचं नसेल तर दशाश्वमेधवरच थांबा. हिवाळ्यातच मिळणारी मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, मुलांना खाऊ घाला.

काशीला जाणं जमणार नसेल तरी पाठ अडत नाही. थंडीतल्या एका सकाळी मोठी माणसं बरोबर घेऊन मुलांना नीरेच्या काठी न्या आणि वहीत एवढंच लिहायला सांगा :

1. सूर्य कुठे आहे? पाणी कुठे चाललंय?
2. काठावरचं सर्वांत जुनं बांधकाम कोणतं? ते कोणी बांधलं?
3. पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं? कोणाला विचारलंत?

तिसऱ्या प्रश्नासाठी मुलांना आजी-आजोबांकडे जावंच लागेल. तोही अभ्यासच.