शेंडा खुडल्यावर फुटणारे डोळे

प्रश्न : माझ्या आत्याला लिम्फोमा आहे. बेळगावात केमो सुरू आहे, सोबत रिटुक्सिमॅबचं सलाइन देतात. औषधाच्या पत्रकात मेंदूला होणाऱ्या एका विषाणूच्या संसर्गाबद्दल सूचना आहे. ती वाचल्यापासून घरात सगळे घाबरलेत. हा डासांमुळे होणारा मेंदूज्वर का? दवाखान्यातून लागण होते का? औषध बंद करायला सांगावं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. औषध परस्पर बंद करू नका. हा संसर्ग डासांचा नाही, आणि तो सहसा दवाखान्यातूनही येत नाही.

तुम्ही निपाणीचे आहात, तेव्हा तंबाखूचं शेत तुम्हाला नवं नाही. पान भरावं म्हणून झाडाचा शेंडा खुडतात आणि थोड्याच दिवसांत पानांच्या बेचक्यांतून फुटवे डोकावतात. ते बाहेरून आलेले नसतात. त्यांचे डोळे खोडात आधीपासूनच असतात, शेंड्यानं दाबून ठेवलेले.

पत्रकातला विषाणू असाच आहे. त्याचं नाव जेसी. जगातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांना त्याची लागण कधीतरी, बहुधा लहानपणीच, होऊन गेलेली असते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पुढे तो मूत्रपिंडासारख्या ठिकाणी गप्प पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला डोकं वर काढू देत नाही. ती फार खचली, तर क्वचित तो आपली ठेवण बदलून मेंदूत शिरतो. तिथं मज्जातंतूंवरचं आवरण तयार करणाऱ्या पेशी तो मारतो. आवरण गेलं की वायरीचं रबर सोलल्यासारखं होतं आणि निरोप पोचेनासे होतात. या आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. डॉक्टर थोडक्यात पीएमएल म्हणतात.

याचा सगळा दोष रिटुक्सिमॅबचा नाही. १९५८ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन छापून आलं तेव्हा हे औषध जन्मालाही आलेलं नव्हतं. त्या वर्णनातल्या तीनही रुग्णांना रक्ताचे किंवा लसीका ग्रंथींचे कर्करोगच होते. म्हणजे शेंडा आजारच खुडतो, केमो आणखी खुडते. रिटुक्सिमॅब तर प्रतिकारशक्तीतल्या ‘बी’ पेशी हेरून संपवतं, कारण लिम्फोमा बहुधा त्याच पेशींचा असतो. उपचारानंतर त्या परत भरून यायला सहा महिने ते वर्षभर लागतं.

मग धोका किती? संधिवातासाठी हेच औषध घेणाऱ्यांत तो सुमारे २५,००० जणांत एकाला, असा अंदाज आहे. रक्ताच्या कर्करोगात त्याहून जास्त असला तरी तो विरळाच. आता दुसरं पारडं पाहा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आक्रमक लिम्फोमाचे साठीपुढचे ३९९ रुग्ण होते. नुसत्या केमोवर दोन वर्षांनंतर ५७ टक्के जिवंत होते, रिटुक्सिमॅबची जोड मिळालेल्यांत ७० टक्के. शंभरामागे तेरा माणसं! हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं २००७ मध्ये आपल्याकडेच हे औषध बनवून आणल्यापासून ते अधिक घरांच्या आवाक्यात आलं. ते सोडण्याआधी हे तेरा जण आठवा.

पण विरळा म्हणजे किरकोळ नव्हे. रिटुक्सिमॅबनंतर पीएमएल झालेल्या ५७ रुग्णांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले सुमारे नव्वद टक्के दगावले. फुटवा हातानं मोडता येतो, तसा जेसीला मोडणारं हमखास औषध अजून नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध थांबवायचं आणि तिला सावरू द्यायचं, हाच मुख्य उपाय. गंमत अशी, की कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब २०१९ मध्ये आठ रुग्णांवर वापरून पाहिलं, तेव्हा पाच जणांचा आजार सुधारला किंवा जागीच थांबला.

२००९च्या त्या आढाव्यातला आणखी एक आकडा तुमच्या कामाचा आहे. शेवटच्या डोसनंतर निदान व्हायला साधारण साडेपाच महिने लागले होते. म्हणजे उपचार संपलेला, केस पुन्हा उगवलेले, पेशंट घरी, आणि अशा वेळी एक हात जड पडतो, जीभ अडखळते, चालताना तोल जातो, दिसण्यातला एक कोपरा नाहीसा होतो किंवा वागणं बदलतं. मेंदूज्वरासारखा ताप, मान आखडणं बहुधा नसतं. आपल्या भागात अशा वेळी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि लकव्याचं औषध शोधायला निघतात. खरं तर लकव्याचा झटका अचानक येतो, हा आजार दिवसागणिक, आठवड्यागणिक वाढतो. दोन्हींत वाट पाहणं घातकच. एमआरआय आणि पाठीच्या मणक्यांतून काढलेल्या पाण्याची जेसीसाठी तपासणी, यांवर निदान होतं.

डॉक्टरांना आजच विचारण्यासारखं एक आहे : ‘हिपॅटायटिस बी’ची तपासणी झाली का? यकृतात दडलेला हा विषाणूही रिटुक्सिमॅबनं उफाळतो आणि याचा धोका पीएमएलपेक्षा बराच मोठा आहे. दिलासा असा, की पहिल्या डोसआधीच्या रक्ततपासणीत तो कळतो आणि गोळ्यांनी आवरता येतो.

असे डोळे आणखीही आहेत. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलनं मिळून घडवलेल्या, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या ‘कार-टी’ या कर्करोगावरच्या उपचाराबद्दल तुम्ही वाचलं असेल. अशा उपचारांनंतर लहानपणीच्या पुरळाचा एचएचव्ही-६ हा विषाणू क्वचित मेंदूत जागा होतो. पहिल्या काही आठवड्यांतला गोंधळलेपणा मात्र बहुतेकदा उपचाराच्याच दाहामुळे असतो, म्हणून तिथं दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

शेतकरी शेंडा खुडायचं टाळत नाही, पण खुडल्यावर शेताकडे पाठही फिरवत नाही. सरीसरीतून चालत फुटवे शोधत राहतो. आत्यांच्या बाबतीतही तेच करा. आपल्याकडे उपचार बेळगावात, तपासणी मिरजेत, सल्ला मुंबईचा आणि रात्री-अपरात्रीची धाव कोल्हापूरला, असं सहज होतं. पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला मागचं काहीच माहीत नसतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘रिटुक्सिमॅब’ हे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख ठळक लिहून घ्या, आणि उपचार संपला तरी निदान वर्षभर ती फाइल माळ्यावर टाकू नका.