मे महिन्याची सुट्टी आणि पाहुणपण



शाळांना सुट्ट्या लागल्या की शनिवारी परतूर स्टेशनवर उतरणाऱ्यांची गर्दी वाढते. पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला नोकरीसाठी गेलेली मुले दोन दिवसांसाठी घरी येतात. ऊसतोडीला गेलेली माणसे त्याआधीच कारखान्यावरून परतलेली असतात. आजीला सगळी नातवंडे एका अंगणात दिसावीत असे दिवस वर्षात एवढेच. म्हणून या दोन दिवसांविषयी थोडे लिहीत आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ तारखेला, ख्रिस्तसभा पवित्र मरियेच्या भेटीचा सण साजरा करते. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हा प्रसंग आहे (१:३९-५६). नाझरेथहून यहुदियाच्या डोंगराळ भागापर्यंत म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. एलिझाबेथ नात्यातली, पण वयाने पुष्कळ मोठी. तिला उतारवयात दिवस गेलेले. मरिया स्वतःही गरोदर. दोघींजवळ जे होते ते गावात कोणाला सांगून पटले नसते. ते बोलायला त्यांना नात्यातले एक घर मिळाले. त्या घरचा यजमान जखऱ्या तेव्हा मुका झालेला होता, म्हणून बायकांना निवांत बोलता आले असावे, असे मी कधी कधी गमतीने म्हणतो. मरिया तिथे सुमारे तीन महिने राहिली.

आपण नातेवाइकांकडे जातो ते बहुधा कार्यासाठी. लग्न, साखरपुडा, नाही तर माती. मांडवात भेटायचे, पंगतीत बसायचे, फोटो काढायचा आणि गाडी पकडायची. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाची दोन पुस्तके, आठवे आणि नववे, मैत्रीवरच लिहिली आहेत. तो तीन प्रकारची मैत्री सांगतो: उपयोगासाठी असलेली, मजेसाठी असलेली, आणि माणूस चांगला आहे म्हणून त्याच्यावर केलेली. पहिल्या दोन लवकर तुटतात. तिसरीला वेळ लागतो. त्यासाठी तो एक जुनी म्हण देतो, की एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. खाल्ल्या मिठाला जागणे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण त्यासाठी आधी बसून ते मीठ खाल्ले पाहिजे. कामाशिवाय कोणाच्या घरी जाऊन दोन दिवस राहणे आता दुर्मीळ झाले आहे, आणि सुट्टी नेमकी त्यासाठी आहे.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला तो प्रसंग आठवा (लूक २:४१-५२). योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून गेले, मग त्याला नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत शोधू लागले. दिवसभर शोधले का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. मला त्यातून त्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास दिसतो. मूल मावशीबरोबर असेल, शेजाऱ्याबरोबर असेल, म्हणजे ठीक असेल. आपल्या मुलांना असे नातेवाईक किती आहेत? (एक सांगून ठेवतो. विश्वास असला तरी मुलांना विहिरीवर किंवा तळ्यावर एकटे सोडू नका. मे महिन्यात अशा बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात.)

पाहुणपणाचा भार कोणावर पडतो हेही पाहावे. आपल्या भागात पाहुण्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात, आणि उन्हाळ्यात तेच पाणी कोणी तरी डोक्यावरून आणलेले असते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. पंधरा माणसे जमली की गप्पा ओसरीवर आणि सुना चुलीपुढे. बेथानीच्या मार्थेची तक्रार (लूक १०:३८-४२) आपण तिचा दोष म्हणून वाचतो, पण त्या घरात पाणी भरायला आणि ताटे उचलायला आणखी कोणी उठले असते तर तीही येशूच्या पायाशी बसली असती. पुण्याहून आलेल्या जावयाने एक हंडा आणला तर त्याचा मान कमी होत नाही.

आता रविवारविषयी. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ३१ मे १९९८ रोजी रविवारवर एक प्रेषितीय पत्र लिहिले. आठवड्याच्या शेवटची सुट्टी, म्हणजे वीक-एण्ड, आणि प्रभूचा दिवस या एकच गोष्टी नव्हेत, असे त्यात ते बजावतात. विश्रांती, भेटीगाठी, सहल यांना त्यांचा विरोध नाही. त्यांत प्रभूचा दिवस हरवू नये एवढेच ते मागतात. धर्मसभेचा कायदा इथे कठोर नाही. कलम १२४८ प्रमाणे मिस्सा कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, रविवारी किंवा शनिवारी संध्याकाळी, ऐकता येते. म्हणजे बहिणीकडे जालन्याला गेलात तर तिथली मिस्सा चालते.

आणि मामाचे गाव असे असेल की जिथे चर्चच नाही? आपल्यातल्या पुष्कळांचे तसेच आहे. आपल्या धर्मप्रांतात १८९२ साली घोगरगावला मिशनचे काम सुरू झाले, त्याला चार-पाच पिढ्या झाल्या. पण अनेक घरांत बाप्तिस्मा त्यानंतर पुष्कळ उशिरा आला. एकाच आजीची नातवंडे कोणी कॅथलिक, कोणी दुसऱ्या चर्चची, कोणी बौद्ध, कोणी हिंदू. अशा घरी जायला आपली माणसे कचरतात, किंवा गेली तर रविवार गुपचूप सोडून देतात. दोन्हीची गरज नाही. मिस्सा खरोखरच शक्य नसेल तर एकट्याने किंवा कुटुंबाने मिळून प्रार्थनेत काही वेळ घालवावा, असे तेच कलम सांगते. सकाळी पडवीत बसून त्या रविवारचे शुभवर्तमान वाचा. मामा विचारतील काय वाचता, तर सांगा. वाद घालू नका. आणि ते आपल्याकडे आले तर त्यांना खुशाल मिस्सेला घेऊन या. ख्रिस्तशरीर का घेता येत नाही हे आधी नीट समजावून सांगा, म्हणजे रांगेत त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही. आशीर्वादासाठी त्यांनी जरूर पुढे यावे.

एक गोष्ट लिहिणे अवघड आहे, पण लिहितो. सगळे जमतात तेव्हा एक घर नसते. शेताची वाटणी, बांध, आईच्या दागिन्यांचा प्रश्न, आणि दोन भाऊ एकाच गल्लीत राहून पाच-सहा वर्षे बोलत नाहीत. दोघेही मिस्सेला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू सांगतात (मत्तय ५:२३-२४). तिथे चूक कोणाची, हे आधी ठरवायला सांगितलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तरी तूच जा. कोर्टातली तारीख कोर्टात राहू द्या. मी कोणाला हक्क सोडायला सांगत नाही. पण आमरसाच्या जेवणाला बोलावणे हा काही कबुलीजबाब होत नाही. मोठ्यांचे पाऊल उचलत नसेल तर पोरांना पाठवा. चुलत भावंडे शाळेत एका वर्गात बसतातच. संध्याकाळी काकांच्या दारात जाऊन, उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला या, आजीने सांगितले आहे, एवढा निरोप त्यांनी दिला तरी पुरे.