संगणक ओळख पटविताना का गोठतो?



आपल्या संगणक खोलीतील सहा जुन्या यंत्रांवर विंडोज ७ होती. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्या आणि नवी विंडोज या यंत्रांना पेलत नाही. म्हणून आम्ही त्यांवर लिनक्स बसविण्याचे ठरविले. ती विनामूल्य आहे व तिच्यात मराठीही चालते. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही प्रणाली लिनक्सवरच उभारली आहे.

पाच यंत्रे एका दिवसात तयार झाली. सहावे मात्र ‘हार्डवेअर ओळखत आहे’ या ओळीवर गोठले. तीनदा बंद-चालू केले, तरी तेच. ‘भंगारात द्या’ अशी सूचना आली. परंतु आपल्याकडे एका संगणकावर तीन मुले बसतात. एक यंत्र गेले तर तीन मुलांचा तास गेला. म्हणून नववीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही कारण शोधायला बसलो. तोच आजचा पाठ.

ओळख पटविणे म्हणजे काय?

वर्गावर नवे गुरुजी आले की आधी हजेरी घेतात. नवी प्रणालीही तसेच करते. डिस्क, पडदा, कळफलक, नेटवर्क कार्ड अशा एकेका भागाला ती हाक मारते व उत्तर आले की त्याचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, जोडते. एखाद्या भागाने उत्तर दिले नाही, किंवा चुकीचे दिले, तर हजेरी तिथेच अडते.

तपासाच्या पायऱ्या

१. प्रथम थांबा. जुन्या यंत्राला दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा पेटला-विझला तर प्रणाली बहुधा जिवंत आहे, फक्त वाट पाहत आहे.

२. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्पीकर असे बाहेरचे सर्व काढा. कळफलक, माऊस, पडदा व प्रणालीची प्रत तेवढी ठेवा.

३. प्रत नीट उतरली आहे ना, हे दुसऱ्या यंत्रावर पडताळा.

४. वीजजोडणी काढून मेमरीच्या पट्ट्या काढा, पुसा व एकेक लावून पाहा. हे काम शिक्षकांसमोरच करावे.

५. सुरुवातीच्या यादीत जादा सूचना देता येतात. पडदा काळा पडत असेल तर ‘नोमोडसेट’, वीज व्यवस्थापनाचा संशय असेल तर ‘एसीपीआय=ऑफ’. दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत टंकावे. दोन्ही एकदम देऊ नयेत.

६. नोंदी वाचा. डेबियनवर आधारित प्रणाली अक्षरी पद्धतीने बसविताना ऑल्ट व एफ-४ दाबले की नोंदी दिसतात. ऑल्ट व एफ-१ ने परत येता येते.

आमच्या यंत्राला काय झाले होते?

पहिल्या पाच पायऱ्यांनी काही साधले नाही. सहावीला एका विद्यार्थिनीने पाहिले की नोंदीत ‘एफडी-०’ हे नाव पुन्हा पुन्हा येते आहे. हे फ्लॉपी ड्राइव्हचे नाव. पण त्या यंत्रातला फ्लॉपी ड्राइव्ह आम्ही कैक वर्षांपूर्वीच काढला होता! शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव हजेरीत राहावे आणि गुरुजींनी त्याच्या उत्तराची वाट पाहत बसावे, तसा हा प्रकार.

नाव राहिले कसे? यंत्र सुरू होताच डिलीट कळ दाबून बायोस उघडले. तेथे फ्लॉपी ‘आहे’ अशी नोंद होती आणि घड्याळही कित्येक वर्षे मागे होते. म्हणजे आतला नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला होता. तो संपला की वीज जाताच बायोस आपली बदललेली मांडणी विसरते व मूळ मांडणीवर येते. त्या मूळ मांडणीत फ्लॉपी होती.

नवा सेल बसविला, फ्लॉपीची नोंद बंद केली, वेळ लावली. लिनक्स बिनतक्रार बसली. एका छोट्या सेलच्या खर्चात यंत्र वाचले.

लक्षात ठेवा

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. चार बदल एकदम केले तर यंत्र सुरू झाले तरी कारण कळत नाही. बसविण्यापूर्वी जुनी माहिती दुसरीकडे उतरवून ठेवावी, कारण डिस्क पुसली जाते. आणि पालकहो, घरचे यंत्र मोडीत देण्यापूर्वी एकदा त्याचे घड्याळ पाहा.

गृहपाठ: घरी किंवा शाळेत संगणक असल्यास तो बंद करून, प्लग काढून काही वेळाने सुरू करा. इंटरनेट न जोडता वेळ बरोबर दिसते का? नसल्यास का, ते पाच ओळींत लिहून आणा.