बाबांच्या सीडी उतरवण्याआधी

अगं, बाबांच्या सीडींचा खोका उघडलास ना? मग जरा दम धर. आधी माझा घोळ ऐक. संगणकात आयता होता त्या प्लेअरने मी एका रविवारी पंधरा सीडी उतरवल्या. चार महिन्यांनी आईला अभंग लावून दिला, तर ऐन तानेत टक्‌! सीडीवरची ती जागा प्रोग्रामला वाचताच आली नव्हती. त्याने काहीतरी भरलं नि ‘झालं’ म्हणून मोकळा झाला. तोवर सीडी मी वाटूनही टाकल्या होत्या गं.

म्हणून तुझ्या विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम घे. फुकट आहे. दिसायला जुनाट, सेटिंग बघून पहिल्यांदा गरगरतं. पण खरचटलेली जागा ते पुन्हा पुन्हा वाचतं आणि नाहीच जमलं, तर कुठल्या गाण्यात कितव्या सेकंदाला अडलं ते लिहून ठेवतं. त्याच सीडीचे इतरांनी काढलेले पडताळणीचे आकडे ॲक्युरेटरिप नावाच्या ऑनलाइन साठ्यात असतात, त्यांच्याशी तुझे ताडूनही बघतं. आपल्या नाट्यसंगीताच्या सीडी तिथे असतीलच असं नाही. मग ‘टेस्ट अँड कॉपी’ कर: गाणं दोनदा वाचलं जातं, दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे पडताळणीचे आकडे, जुळले की निर्धास्त. भाऊजींच्या मॅकवर एक्सएलडी चालेल.

साठवताना फ्लॅक निवड, थेट एमपी३ नको. सीडीचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी खातो. फ्लॅकमध्ये तो निम्म्याच्या आसपास येतो, आणि हरवत काहीच नाही. फोनसाठी त्यातून एमपी३ कधीही काढता येतं. एमपी३मधून गेलेलं मात्र परत येत नाही.

हो, जिच्यावर ५०-६० गाणी आहेत ती एमपी३ सीडी असणार, तिच्या फायली सरळ कॉपी कर. ऑडिओ सीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात.

पुसताना मऊ फडकं मधून कडेकडे सरळ ने, गोल फिरवू नकोस. गाण्यांची नावं इंटरनेटवरून येतात, ती तपास. माझ्याकडे भीमसेन जोशी तीन स्पेलिंगांनी आले नि फोनमध्ये तीन गायक झाले! शेवटी बसून देवनागरीत लिहिलं.

एका कव्हरच्या आत बाबांनी पेन्सिलीने ‘३ नं. अडकते’ लिहिलेलं सापडेल. ती सीडी सगळ्यात शेवटी घे, तासभर खाईल.