इंजिनातील टकटक : कारण ओळखा, नुकसान टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला विसावा नसतो. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत रात्रंदिवस खेपा चालतात. अशा वेळी इंजिनातून ‘टक टक’ असा बारीक आवाज येऊ लागला, तर पुष्कळ शेतकरी दोनपैकी एक चूक करतात. काही जण हंगाम संपेपर्यंत इंजिन तसेच चालवतात, तर काही जण घाबरून सगळे इंजिन उघडायला लावतात. पहिल्या चुकीने क्रँक शाफ्ट खराब होऊ शकतो. दुसऱ्या चुकीने ऐन हंगामात ट्रॅक्टर विनाकारण गॅरेजमध्ये अडकतो. म्हणून आवाज कोणता आहे, हे प्रथम ओळखावे.

प्रथम ऑइल पाहा

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून इंजिन बंद करावे. दहा-पंधरा मिनिटांनी डीपस्टिक पुसून पुन्हा घालावी व पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. ऑइल कमी असल्यास रॉकरपर्यंत पुरेसे पोहोचत नाही व टकटक सुरू होते. खुणेच्या वर भरणेही चुकीचे आहे. जादा ऑइल घुसळून त्यात फेस होतो व वंगण नीट होत नाही. इंजिन चालू असताना ऑइल प्रेशर मीटरचा काटा खाली गेलेला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

आवाजाची ओळख

१. टॅपेटचा आवाज : बारीक, एकसारखा व इंजिनाच्या वरच्या भागातून येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. त्यामुळे इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर असेल, तर एका टॅपेटचे ठोके मिनिटाला ३५० पडतात. रेस वाढवली की ठोके त्याच प्रमाणात वाढतात.

२. पॅकिंगमधून गळती : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटल्यास ‘फट फट’ असा आवाज येतो. जोडाजवळ काळी काजळी दिसते. लोड दिल्यावर आवाज वाढतो.

३. नोझलचा आवाज : नोझल अडकल्यास टणक ठोका पडतो. सोबत बहुधा काळा धूर येतो.

४. बेअरिंगचा ठोका : हा जड व खोल असतो आणि इंजिनाच्या खालच्या भागातून येतो. लोडवर तो वाढतो. असा ठोका आल्यास ट्रॅक्टर पुढे चालवू नये. काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारे धातूचे कण दिसल्यास शंका पक्की समजावी.

आवाजाची जागा शोधण्यासाठी लांब लाकडी दांडा घ्यावा. त्याचे एक टोक इंजिनावर टेकवून दुसरे कानाजवळ धरावे. पंखा व पट्ट्यापासून दूर राहावे, सैल कपडे सावरावेत.

साध्या पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनात आणखी एक परीक्षा आहे. स्लो रेसवर एकेका सिलिंडरच्या नोझल पाइपचा नट थोडा सैल करावा. आवाज कमी झाला, तर दोष त्या सिलिंडरच्या नोझलमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे. बदल झाला नाही, तर टॅपेटचा संशय घ्यावा. डिझेलचा फवारा कातडीत घुसतो, म्हणून तेथे हात धरू नये. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनावर ही परीक्षा मुळीच करू नये. त्यातील दाब जीवघेणा असतो.

टॅपेट कसे बसवावेत ?

१. इंजिन थंड असताना की गरम असताना गॅप घ्यायचा, तसेच इनलेट व एक्झॉस्टचा गॅप किती, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे. दोन्हींचा गॅप वेगळा असू शकतो.

२. झाकण काढण्यापूर्वी त्यावरील धूळ व उसाचा पाचोळा साफ करावा.

३. चार सिलिंडरचा फायरिंग क्रम १-३-४-२ असल्यास, क्रमांक ४ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होऊन इनलेट उघडू लागतो त्या वेळी क्रमांक १ चे टॅपेट बसवावेत. क्रमांक १ वर तशी स्थिती असता ४ चे, २ वर असता ३ चे व ३ वर असता २ चे बसवावेत. तीन सिलिंडरसाठी पुस्तिकेतील क्रम पाळावा.

४. लॉकनट सैल करून फिलर गेजची योग्य पट्टी रॉकर व व्हॉल्व्हच्या मध्ये घालावी. पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. स्क्रू धरून लॉकनट आवळावा व गॅप पुन्हा मोजावा, कारण आवळताना तो बदलतो.

५. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल, तर पट्टी खड्ड्यावरून जाते व माप चुकते. असा रॉकर दुरुस्त करावा किंवा बदलावा. पुशरॉड वाकला आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, हेही पाहावे.

आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट जास्त आवळू नयेत. गॅप उरला नाही, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. तो जळतो व कॉम्प्रेशन जाते. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो; गप्प बसवलेला टॅपेट हेड उतरवायला लावतो.

मोटारगाडी असल्यास

अनेक मोटारींत हायड्रॉलिक टॅपेट असतात. त्यांचा गॅप बसवावा लागत नाही. सकाळी सुरू करताना काही सेकंद टकटक होऊन थांबली, तर काळजीचे कारण नाही. ती चालूच राहिल्यास ऑइलची पातळी, ग्रेड व फिल्टर तपासावा. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग सैल आहे का, तेही पाहावे.

पुरात बुडालेले इंजिन

२०१९ व २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पुरात बुडालेले पंपाचे इंजिन किंवा ट्रॅक्टर लगेच सुरू करू नये. डीपस्टिकवरील ऑइल दुधट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. सिलिंडरमध्ये पाणी असता इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून पाणी बाहेर काढावे, ऑइल, डिझेल व सर्व फिल्टर बदलावेत, मगच मेस्त्रीच्या देखरेखीखाली इंजिन सुरू करावे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाचे जाणकार मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाताना आवाज केव्हा सुरू झाला, थंडपणी येतो की गरम झाल्यावर, लोडवर वाढतो का, ऑइल केव्हा बदलले, हे लिहून न्यावे. निदान अचूक झाले, तर गरज नसलेले काम टळते. हंगामापूर्वी टॅपेट, ऑइल व एअर क्लीनर तपासून घेणाऱ्या शेतकऱ्याचा ऊस वेळेवर काट्यावर पोहोचतो.