‘कॅपिटल’ : एक शब्द, अनेक अर्थ

‘भांडवली जमा वाढली, म्हणजे सरकारचे उत्पन्न वाढले,’ असे विधान उत्तरपत्रिकांत अनेकदा आढळते. या चुकीचे मूळ ‘कॅपिटल’ या परिचित इंग्रजी शब्दाच्या अपुऱ्या आकलनात आहे. प्रस्तुत लेखात त्याचे अर्थ व वापर पाहू.

व्युत्पत्ती व सामान्य अर्थ

लॅटिन भाषेत ‘कापुट’ म्हणजे डोके. ‘कॅपिटल’चे बहुतेक अर्थ येथूनच निघतात. देशाचे प्रमुख नगर म्हणजे राजधानी. वाक्यारंभी येणारे मोठे अक्षर म्हणजे कॅपिटल लेटर. शिरच्छेदाच्या कल्पनेतून आलेली शिक्षा म्हणजे कॅपिटल पनिशमेंट, अर्थात देहदंड. कर्जव्यवहारात मूळ रकमेला, म्हणजे मुद्दलाला, हाच शब्द लागला आणि त्यातून ‘भांडवल’ हा अर्थ रूढ झाला.

व्याकरणदृष्ट्या एक भेद लक्षात ठेवावा. राजधानी व मोठे अक्षर या अर्थी या शब्दाचे अनेकवचन होते; पैशाच्या अर्थी तो सामान्यतः एकवचनीच वापरतात. ‘कॅपिटॉल’ हा वेगळा शब्द असून तो विधिमंडळाच्या इमारतीसाठी, विशेषतः अमेरिकेत, वापरला जातो.

अर्थशास्त्रीय अर्थ

उत्पादनाच्या घटकांत भांडवल म्हणजे यंत्रे, इमारती, अवजारे अशी मानवनिर्मित साधने. केवळ पैसा हा या अर्थाने भांडवल नव्हे. कंपनीच्या संदर्भात मात्र भागधारकांनी गुंतवलेल्या रकमेस भाग भांडवल म्हणतात. शिक्षण व आरोग्यामुळे माणसाची वाढलेली उत्पादनक्षमता म्हणजे मानवी भांडवल.

अर्थसंकल्पातील अर्थ

राज्यघटनेच्या अनुच्छेद 112 नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्रात महसुली लेख्यावरील खर्च इतर खर्चाहून वेगळा दाखवावा लागतो. येथे ‘भांडवली’ हे विशेषण ओळखण्याची कसोटी सोपी आहे : या व्यवहाराने सरकारची मत्ता किंवा दायित्व बदलते काय? कर्ज घेतल्याने दायित्व वाढते, निर्गुंतवणुकीने मत्ता घटते. म्हणून दोन्ही भांडवली जमा होत. त्यांतून सरकार अधिक श्रीमंत होत नाही. रस्ता बांधणे हा भांडवली खर्च, तर कर्जावरील व्याज हा महसुली खर्च.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी 11.21 लाख कोटी रुपयांचा अंदाज होता. मत्तानिर्मितीसाठी राज्यांना व इतर संस्थांना द्यावयाचे अनुदान त्यात नाही. निर्माण होणारी मत्ता केंद्राच्या मालकीची नसल्याने ते महसुली खर्चात मोडते. हे अनुदान मिळवल्यास ‘प्रभावी भांडवली खर्च’ 15.48 लाख कोटी रुपये होतो.

भांडवली तेवढा खर्च चांगला आणि महसुली तेवढा अनुत्पादक, हा निष्कर्षही टाळावा. शाळेची इमारत भांडवली खर्चात येते, शिक्षकाचे वेतन महसुली खर्चात. परंतु शिक्षकाविना ती इमारत मानवी भांडवल घडवू शकत नाही.

स्वाध्याय

पुढील बाबींचे वर्गीकरण करा : (1) निवृत्तिवेतन, (2) राज्यांनी केंद्राला परत केलेले कर्ज, (3) सार्वजनिक उपक्रमाकडून मिळालेला लाभांश, (4) त्याच उपक्रमाच्या समभागांची विक्री.

उत्तरे : (1) महसुली खर्च, (2) भांडवली जमा, (3) महसुली जमा, (4) भांडवली जमा.

तिसऱ्या व चौथ्या बाबींतील फरक स्वतःच्या शब्दांत मांडता आला, तर ही संकल्पना पक्की झाली असे समजावे.